पक्षविमुख मतदाराचा निर्णय : अमरावती व अकोला मतदारसंघांच्या आधारे विवेचन

उपलब्ध पक्षांपैकी एकही ज्याला आपला वाटत नाही, परंतु मतदानाचा अधिकार वापरण्याची ज्याची इच्छा आहे, त्या मतदाराला प्रस्तुत विवेचनात 'पक्षविमुख' म्हटले आहे. लक्षणाची दोन्ही अंगे आवश्यक आहेत. दुसरे अंग वगळल्यास उदासीन मतदारही त्यात समाविष्ट होईल. ही अतिव्याप्ती होय, कारण उदासीनाला निर्णयाचा प्रश्नच पडत नाही. संभ्रमित मतदारही येथे अभिप्रेत नाही. त्याला दोन पक्ष पटतात आणि त्यांतील एक सोडवत नाही. पक्षविमुखाची अडचण याच्या उलट आहे.

'मत' म्हणजे एका मतदारसंघातील एका जागेवर कोणी बसावे, याविषयीचा कायद्याने मोजला जाणारा निर्देश. या निर्देशात आवडीची मात्रा नोंदवण्याची सोय नाही. उत्साहाने दिलेले मत आणि नाइलाजाने दिलेले मत मोजणीच्या टेबलावर एकच असते. त्यामुळे 'मला कोणता पक्ष आवडतो' या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तरी 'या जागेवर कोण बसावा' हा प्रश्न अनुत्तरित राहतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावणे हा पक्षविमुखाचा प्रमुख हेत्वाभास आहे.

विमुखतेचे कारणानुसार चार प्रकार होतात : तत्त्वमूलक, व्यक्तिमूलक, आचरणमूलक आणि विषयमूलक. तत्त्वमूलक विमुखतेत पक्षाची विचारसरणीच अमान्य असते. तिच्यावर एका निवडणुकीत उपाय नाही. व्यक्तिमूलक विमुखता उमेदवार बदलताच संपते. उरलेल्या दोन प्रकारांचा अधिक विचार करावा लागतो.

आचरणमूलक विमुखता महाराष्ट्रात २०१९ नंतर वाढली. त्या वर्षी युती म्हणून मते मागितलेले दोन पक्ष निकालानंतर वेगळे झाले. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. निवडणूक आयोगाने मूळ नाव व चिन्ह शिंदे गटाला १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आणि अजित पवार गटाला ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दिले. ज्या चिन्हावर मत दिले ते एकीकडे आणि ज्या व्यक्तीला दिले ती दुसरीकडे, अशी स्थिती अनेक मतदारसंघांत निर्माण झाली. अकोला जिल्ह्यातील बाळापूरचे उदाहरण बोधक आहे. तेथील आमदार नितीन देशमुख २०१९ मध्ये शिवसेनेकडून निवडून आले, जून २०२२ मध्ये सुरतेला गेलेल्या गटात होते, तेथून परतून उद्धव ठाकरे यांच्याकडे राहिले आणि २०२४ मध्ये मशाल चिन्हावर पुन्हा निवडून आले. अशा ठिकाणी पक्षाचे आचरण हा एकसंध विषय राहत नाही. त्याची फोड व्यक्तीच्या आचरणापर्यंत करावी लागते. म्हणून या प्रकारच्या मतदाराने पक्षांची नव्हे, उमेदवारांची तुलना करावी, हा पहिला निष्कर्ष.

विषयमूलक विमुखतेत मतदाराला महत्त्वाचा वाटणारा विषय पक्षांत भेद करू शकत नाही. हे दोन रीतींनी घडते : विषय कोणीच घेत नाही, किंवा सर्वच घेतात. वऱ्हाडात दुसरी रीत अधिक आढळते. खारपाणपट्ट्यातील गोडे पाणी, सिंचनाचा अनुशेष, मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला रेल्वे यांना विरोध करणारा पक्ष सापडणार नाही. सर्वमान्य साध्य निर्णायक ठरू शकत नाही. भेद साधनात आणि अधिकारात शोधावा लागतो. २०२४ च्या विधानसभा प्रचारात सोयाबीनला एका बाजूने क्विंटलला सहा हजार आणि दुसऱ्या बाजूने सात हजार रुपयांचे आश्वासन दिले गेले. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत त्याखालीही विक्री होत होती. येथे सहा मोठे की सात, हा प्रश्न गौण आहे. हमीभाव केंद्र सरकार ठरवते. निवडणूक राज्याची होती. राज्याच्या हाती खरेदी केंद्रे वेळेवर उघडणे, भावांतर देणे आणि त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करणे एवढेच येते. तरतुदीचा मार्ग कोणत्या उमेदवाराने सांगितला, ही कसोटी लावली की समान भासणाऱ्या आश्वासनांत अंतर पडते. बहुधा ते अंतर दोघांच्याही प्रतिकूल पडते, हे मान्य करावे लागेल. तथापि सारख्याच प्रमाणात नव्हे.

येथे पूर्वपक्ष असा येतो : 'कोणालेबी मत द्या, सारे सारखेच.' वऱ्हाडातील पारावर हे वाक्य सिद्धांत म्हणून ऐकू येते. उत्तर असे की समानता हे विधान सर्व संबद्ध गुणांविषयी सिद्ध करावे लागते, आणि एकाही गुणात भेद आढळल्यास ते बाधित होते. पक्षनिष्ठा, संपत्ती, प्रलंबित गुन्हे, सभागृहातील उपस्थिती, विचारलेले प्रश्न, तालुक्याच्या कामातील पाठपुरावा हे वेगवेगळे गुण आहेत. यांपैकी काहींची माहिती उमेदवाराच्या नमुना २६ मधील शपथपत्रात मिळते. 'सारे सारखेच' म्हणणाऱ्याने यांपैकी किती तपासले, हे विचारल्यावर सिद्धांताचे रूपांतर बहुधा मनःस्थितीत होते.

भेद मान्य झाल्यावर मताचे कार्य ठरवावे. कार्ये चार : निवड, म्हणजे पसंत उमेदवार आणणे, निवारण, म्हणजे अधिक अनिष्ट उमेदवार रोखणे, आधार, म्हणजे हरण्याची शक्यता असली तरी कमीत कमी अमान्य उमेदवाराला वा पक्षाला बळ देणे, आणि अभिव्यक्ती, म्हणजे नापसंती नोंदवणे. पक्षविमुखाला पहिले कार्य जवळजवळ बंद असते. उरलेल्या तिन्हींतून कोणते घ्यावे हे मतदाराच्या स्वभावावर नव्हे, त्याच्या मतदारसंघातील लढतीच्या रचनेवर अवलंबून असते. लागून असलेल्या दोन मतदारसंघांत एकाच मनाच्या दोन मतदारांचे निर्णय म्हणूनच भिन्न येऊ शकतात.

अमरावती लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये काँग्रेसचे बळवंत वानखडे यांना ५,२६,२७१ आणि भाजपच्या नवनीत राणा यांना ५,०६,५४० मते पडली. अंतर १९,७३१. विजयी बाजूचे ९,८६६ मतदार दुसऱ्या बाजूला गेले असते तर निकाल उलटला असता. अशा रचनेत निवारणाचे कार्य सबळ असते. प्रहारचे दिनेश बूब यांना ८५,३०० मते मिळाली. ती अंतराच्या चौपटीहून अधिक आहेत. ही मते 'वाया गेली' असे म्हणण्याची रीत आहे. हे विधान अपुरे आहे. त्या मतदारांना प्रमुख दोघांत खरोखर भेद वाटत नसेल तर त्यांनी काही गमावले नाही. भेद वाटत असेल तर गमावले. निर्णय मतदाराच्या अंतर्गत क्रमावर आहे, आकड्यावर नाही. आकडा एवढेच सांगतो की तो क्रम लावण्याचे कष्ट त्या वर्षी अमरावतीत सार्थ होते. अकोला पश्चिम विधानसभा मतदारसंघात त्याच वर्षी अंतर अवघे १,२८३ होते. तेथे ६४२ मतदारांचा क्रम पुरेसा होता.

अकोला लोकसभा मतदारसंघ याहून कठीण आहे, कारण तेथे लढत दीर्घकाळ त्रिकोणी आहे. २०१४ मध्ये भाजपचे संजय धोत्रे यांना ४,५६,४७२, काँग्रेसला २,५३,३५६ आणि प्रकाश आंबेडकर यांना २,३८,७७६ मते मिळाली. २०१९ मध्ये धोत्रे ५,५४,४४४, आंबेडकर २,७८,८४८, काँग्रेस २,५४,३७०. २०२४ मध्ये भाजपचे अनुप धोत्रे ४,५७,०३०, काँग्रेसचे अभय पाटील ४,१६,४०४, आंबेडकर २,७६,७४७.

यावरून तीन गोष्टी क्रमाने निघतात. पहिली : दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या मतांची बेरीज २०१४ आणि २०२४ मध्ये विजेत्याहून अधिक होती, २०१९ मध्ये ५,३३,२१८ म्हणजे कमी होती. तेव्हा 'मतविभाजनामुळेच निकाल लागतो' हे विधान तीनपैकी एका निवडणुकीत बेरजेनेही टिकत नाही. दुसरी : जेथे बेरीज अधिक आहे तेथेही ती सिद्धता नव्हे. एका उमेदवाराचे मत दुसऱ्याकडे पूर्ण वळेल हे त्यात गृहीत धरलेले आहे. १९९८ मध्ये काँग्रेसशी समझोता असताना आंबेडकर अकोल्यातून आणि रा. सू. गवई अमरावतीतून लोकसभेवर गेले. तेव्हा मते वळली. परंतु ते वळण नेत्यांच्या समझोत्याने घडले होते, एकेकट्या मतदाराच्या तर्काने नव्हे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : निवारण करू इच्छिणाऱ्याला विजेत्याच्या विरोधातील सबळ उमेदवार ओळखावा लागतो, आणि ती ओळख मागील निकालावरून केली जाते. २०१९ मध्ये २०१४ चा क्रम प्रमाण मानणाऱ्याची ओळख चुकली, कारण दुसरा व तिसरा यांची अदलाबदल झाली. २०१९ चा क्रम प्रमाण मानून २०२४ मध्ये मत देणाऱ्याचीही चुकली. त्या वेळी दुसऱ्या-तिसऱ्यातील अंतर १,३९,६५७ होते. निवारणाचे मत ज्या अनुमानावर उभे असते ते अनुमान अकोल्यात सलग दोनदा खोटे ठरले आहे.

म्हणून नियम असा : द्विकोणी व अटीतटीच्या लढतीत निवारण मुख्य मानावे, त्रिकोणी लढतीत दुसरा कोण हे निश्चित नसेल तर निवारणाचा पाया सुटतो, आणि तेथे आधाराचे कार्य, म्हणजे कमीत कमी अमान्य उमेदवाराला सरळ मत देणे, हेच युक्त ठरते. जेथे एका बाजूचा विजय मोठ्या अंतराने निश्चित दिसतो तेथेही आधाराचे मत निर्धास्तपणे देता येते. एकषष्ठांश वैध मते न मिळाल्यास अनामत जप्त होते; लहान पक्षाच्या पुढील उमेदवारीवर या मर्यादेचा परिणाम होतो, हे येथे जमेस धरावे.

पक्षविमुखाला अपक्ष उमेदवार स्वाभाविक उत्तर वाटतो. येथे सावधगिरी हवी. नवनीत राणा २०१९ मध्ये काँग्रेस–राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून ५,१०,९४७ मते मिळवून ३६,९५१ च्या अंतराने निवडून आल्या, नंतर भाजपच्या बाजूने राहिल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या पक्षात गेल्या. यात अपवादात्मक काही नाही. दहावी अनुसूची कार्यकाळात पक्षप्रवेश करणाऱ्या अपक्षाला अपात्र ठरवते, परंतु बाहेरून पाठिंबा देण्यास प्रतिबंध करत नाही, आणि त्याच्यावर कोणाचा व्हीपही नसतो. आचरणमूलक विमुखतेवर उपाय म्हणून अपक्ष निवडणारा मतदार, ज्या स्वातंत्र्याची त्याला तक्रार होती, तेच अधिक प्रमाणात प्रदान करतो. अपक्षाविषयी पहिला प्रश्न 'तो कोणत्या पक्षाचा नाही' हा नसून 'सभागृहात तो कोणाबरोबर बसणार हे त्याने आधी सांगितले आहे काय' हा असावा.

अभिव्यक्तीचे कार्य 'नोटा'ने होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयापूर्वी नापसंती नोंदवणाऱ्याला नियम ४९-ओ प्रमाणे मतदान अधिकाऱ्यासमोर तसे सांगावे लागे व गुप्तता जाई. न्यायालयाने तो दोष दूर केला. परंतु लोकसभा व विधानसभेत नोटाला परिणाम नाही. उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो. अनामतीच्या हिशेबातही नोटा धरला जात नाही. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला, निकालावर फरक पडला नाही. मेळघाटातील काही गावांनी २०२४ मध्ये रस्ते-पाण्यासाठी मतदानावर बहिष्कार घातला, तो नोटाहून भिन्न आहे : नोटा प्रत्येकाचा गुप्त निर्देश आहे, बहिष्कार गावाचा जाहीर निर्देश आहे. बहिष्काराला प्रशासन तातडीने उत्तर देते, नोटाला देत नाही. हा निरीक्षणाचा विषय आहे, शिफारशीचा नव्हे; बहिष्कारात न पटणाऱ्या शेजाऱ्याचे मतही गावाच्या नावाने बुडते.

स्थानिक स्वराज्य संस्थांत स्थिती वेगळी आहे. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाने नोटाला काल्पनिक उमेदवार मानले आणि त्याला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचे ठरवले. म्हणजे जे मत दिल्ली-मुंबईच्या जागेसाठी निव्वळ अभिव्यक्ती आहे, तेच अमरावती वा अकोला महापालिकेच्या प्रभागात निवारण होऊ शकते. एकाच मतदाराने तीन स्तरांवर तीन भिन्न निर्णय घेतल्यास त्यात विसंगती नाही.

मोर्शी व धामणगाव रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी वर्ध्यात मोडतात, आणि अकोला लोकसभेत वाशीम जिल्ह्यातील रिसोड येते. तेथील वाचकाने वरील आकडे जिल्ह्यानुसार न घेता आपल्या मतदारसंघाच्या निकालपत्रावरून घ्यावेत आणि लढतीची रचना नव्याने ठरवावी.