काढलेली दाढ, वाचवलेली दाढ

रायगड जिल्ह्यातल्या रोहे शहराला लागून असलेल्या वरसे गावात काय किंवा कुंडलिका नदीच्या काठच्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, दाढ ठणकू लागली की पहिला उपाय घरातच व्हायचा. लवंग दाढेखाली धरायची, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायच्या. त्याने भागले नाही की मशेरी. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. ठणका तेवढ्यापुरता बधिर होई. पण दुखण्यापायी हाती घेतलेली डबी पुढे कित्येक बायकांच्या हातून सुटलीच नाही. तिने हिरड्या खाल्ल्या, तोंडाचे कर्करोगही दिले. लवंगेचे तसे झाले नाही. तिच्या तेलातले युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दंतवैद्य आजही दाढ तात्पुरती भरतात.

शेवटचा उपाय म्हणजे दाढ उपटणे. ते काम वैदू करी, बाजारात बसणारा दातवाला करी. मुंबईत चिनी दंतवैद्यही होते. त्यांतली बरीच घराणी मूळची हुबेई प्रांतातली. धंदा बापाकडून मुलाकडे येई. पदवी नसली तरी हात चालता असे, आणि गरिबाला परवडे ते हेच.

१९४८ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला. पदवीधरांची नोंद ‘अ’ भागात, आणि किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणाऱ्या बिनपदवीच्या मंडळींची ‘ब’ भागात. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनने सरकारी आरोग्यसेवा सुरू केली आणि कवळ्या फुकट दिल्या. मागणी इतकी उसळली की १९५१ मध्ये त्यांवर शुल्क लावावे लागले. आपल्याकडे कायद्याने कोण दंतवैद्य हे ठरवले. पैसे कोण भरणार, हा प्रश्न तसाच राहिला.

त्यावरची एक वाट आधीपासूनच शिक्षणातून निघाली होती. नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे, बोरीबंदरजवळचे सरकारी दंत महाविद्यालय १९३८ चे. विद्यार्थ्याला हात बसवायला रुग्ण लागतो, रुग्णाला स्वस्त उपचार लागतो. केसपेपर काढायचा, एक्स-रे काढायचा, विभागाविभागांतून फिरायचे. विद्यार्थी सावकाश काम करतो आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन तपासतो. विमा नसलेल्यांसाठी यापेक्षा चांगली सोय महाराष्ट्रात क्वचितच झाली असेल. पण ती मुंबईत.

रोह्याहून मुंबई गाठायची तर एसटी, नाहीतर रेवसला जाऊन भाऊच्या धक्क्याची लाँच. आपट्याहून रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८६ साली. पुढे नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे खासगी दंत महाविद्यालये निघाली आणि पनवेलपर्यंत गाडीने जाणाऱ्याला खुर्ची बरीच जवळ आली.

तरी हिशेब सुटत नाही. कवळी करायची तर एकदा माप, मग चाव्याची नोंद, मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघणे, मग कवळी हातात, आणि ती टोचते म्हणून घासून घ्यायला पुन्हा एक फेरी. रूट कॅनालचेही तेच. प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. शेतमजुराला किंवा रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्याला उपचाराच्या पैशापेक्षा हे बुडालेले रोजच जड जातात. म्हणून वाचू शकणारी दाढ तो काढून टाकतो. एका फेरीत काम होते.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. तिचा भर मोठ्या शस्त्रक्रियांवर होता. किडलेली दाढ भरणे, कवळी बसवणे ही रोजची कामे त्यात बसली नाहीत. दंत महाविद्यालये गावोगाव शिबिरे घेतात, तोंड तपासतात, चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी घेऊन पुन्हा पनवेलचीच गाडी धरावी लागते. भरणे, रूट कॅनाल, कवळी ही कामे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच, आठवड्याच्या ठरलेल्या वारी, माणसाचा रोज न बुडता व्हायला हवीत. रोह्याने ही मागणी लावून धरावी.