दोन सांगावे आणि एक नाव

कागल तालुक्यात सांगाव नावाची दोन गावे आहेत: कसबा सांगाव आणि मौजे सांगाव. हातकणंगले तालुक्यात पेठ वडगाव आहे, तसे मौजे वडगावही आहे. महामार्गावरची ती शिरोली पुलाची आणि करवीर तालुक्यातली ती शिरोली दुमाला. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. पुढे मी स्वतः लिहिलेली एक छोटी आज्ञावली मुक्त भांडारात ठेवायला गेलो, तेव्हा तिचे नाव आधीच कुणीतरी नोंदवलेले निघाले. त्या नावाखाली वापरण्याजोगे काहीच नव्हते, नुसती जागा धरलेली. तेव्हापासून या जोडशब्दांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

कसबा आणि मौजे हे मूळचे अरबी शब्द. कसबा म्हणजे बाजारपेठेचे मुख्य गाव, मौजे म्हणजे साधे खेडे. बुद्रुक आणि खुर्द हे फारसी. अर्थ थोरले आणि धाकटे. दुमाला ही इनामी गावाची खूण. महसुली दप्तराला नावांचा घोळ परवडणारा नव्हता, कारण एका गावाचा सारा दुसऱ्याच्या माथी बसला असता. पण त्यावर उपाय म्हणून कुठल्याच गावाचे नाव काढून घेतले गेले नाही. नावाला दर्जा, जागा किंवा हक्क सांगणारा एक शब्द जोडला गेला, एवढेच.

मुक्त प्रणाली लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. पर्ल भाषेच्या मंडळींनी १९९५मध्ये सीपॅन हे सामाईक भांडार उघडले. तिथे आधी विषयाचे नाव आणि मग आज्ञावलीचे, अशी उतरंड होती. नवे नाव घेण्यापूर्वी इतरांशी बोलावे आणि यादीत नोंद करावी, असा रिवाज पडला. जावा भाषेने संस्थेचा संकेतस्थळाचा पत्ता उलटा करून नावापुढे लावण्याचा प्रघात पाडला.

एनपीएम या भांडारात मात्र सुटी नावे प्रथम येणाऱ्याला मिळत. मालकाचे नाव पुढे जोडण्याची सोय होती, सक्ती नव्हती. मार्च २०१६मध्ये ‘किक’ या नावावरून तंटा झाला. आझेर कोचुलू यांनी ते नोंदवले होते. त्याच नावाच्या कंपनीने ते मागितले आणि भांडाराच्या चालकांनी ते कंपनीला दिले. चिडलेल्या कोचुलूंनी आपल्या सगळ्या, म्हणजे अडीचशेहून अधिक, आज्ञावल्या काढून घेतल्या. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची एक होती. तिच्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प काही तास अडून बसले. पुढे आज्ञावली काढून घेण्याचे नियम कडक झाले.

दप्तराची रीत मला त्यामुळे शहाणी वाटते, पण निर्दोष वाटत नाही. गाव कितीही वाढले तरी नोंदीत ते खुर्दच राहते. इनामे गेली, तरी शिरोली दुमालाच राहिली. नाव नोंदवणारा आपल्या काळातली उतरंडही त्यात नोंदवून ठेवतो. जुने कागद त्या नावावर अवलंबून असतात, म्हणून ती पुसणे सोपे नसते.

माझ्या आज्ञावलीच्या नावापुढे मी शेवटी माझे आडनाव जोडले. तेच नाव दुसऱ्या कुणाला हवे असेल, तर त्याने आपले जोडावे. सांगाव दोघांचेही राहील.