मेंदूतील रसायनांचे मोजमाप : नमुन्याकडून प्रतिमानाकडे

मेंदूतील पेशींच्या सभोवारच्या द्रवात एखादे रसायन किती आहे, हा प्रश्न वरकरणी केवळ मोजणीचा वाटतो. वस्तुतः तो अनुमानाचा प्रश्न आहे. आणि त्याचा इतिहास म्हणजे हाती आलेला नमुना व मूळ वस्तू यांतील अंतर ओळखण्याचा इतिहास होय.

पटलातून लहान रेणू पार होतात व मोठे मागे राहतात, या क्रियेस टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये डायालिसिस हे नाव दिले. मराठीत आपण तिला अपोहन म्हणतो. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, गॅडम यांनी दोन नळ्यांच्या साहाय्याने मेंदूत द्रव सोडून तो परत ओढण्याची पद्धत वर्णिली. तीत प्रवाह ऊतकास थेट भिडत असे. १९६६ मध्ये बिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या मेंदूत अपोहन-पटलाच्या पिशव्या ठेवल्या. १९७४ मध्ये उंगरस्टेट व पायकॉक यांनी पोकळ तंतूतून द्रव वाहता ठेवून उंदरांवर प्रयोग केले. १९९० च्या सुमारास स्वीडनमध्ये ही सूक्ष्म-अपोहनाची पद्धत मानवी मेंदूपर्यंत पोहोचली.

रुग्णाच्या मेंदूतील नळीतून साधारणतः मिनिटास ०.३ मायक्रोलीटर द्रव वाहतो. म्हणजे तासाभरात अवघे १८ मायक्रोलीटर. बाहेरील रसायन या द्रवात पूर्णतः उतरत नाही. ते किती उतरते हे चंचुपात्रातील द्रावणात पाहून तोच गुणक मेंदूस लावावा, ही आरंभीची समजूत होती. ती टिकली नाही. मेंदूत रेणूस पेशींमधील वाकड्या, चिंचोळ्या वाटांनी जावे लागते. निकोल्सन व फिलिप्स यांनी १९८१ मध्ये दाखविले की, या मोकळ्या जागेचा वाटा सुमारे एकपंचमांश असून वाटेच्या वक्रतेमुळे विसरण बरेच मंदावते.

१९८७ मध्ये लोनरोथ प्रभृतींनी निराळा उपाय सुचविला. नळीतून निरनिराळ्या तीव्रतेचे द्रव सोडावेत. ज्या तीव्रतेस निव्वळ देवघेव शून्य होते, तीच ऊतकातील तीव्रता. उपाय निर्दोष वाटला, तरी त्यास पुष्कळ वेळ लागतो, आणि अत्यवस्थ रुग्ण तेवढी सवड देत नाही. म्हणून गणिताकडे वळणे प्राप्त झाले. १९९० मध्ये बंगे, मॉरिसन व डेड्रिक यांनी नळीतील द्रव, पटल व ऊतक यांचे विरोध एकत्र मांडणारे प्रतिमान सिद्ध केले. त्यातून निघालेला निष्कर्ष महत्त्वाचा होता : पेशी रसायन किती वेगाने शोषून घेतात, यावरही नळीची प्राप्ती अवलंबून असते. डोपामिनचे पुनर्ग्रहण औषधाने रोखले, तर प्राप्तीही घटते. मग नमुन्यातील वाढ प्रत्यक्ष वाढीहून कमी दिसते. २००३ मधील प्रतिमानात नळी खुपसल्याने इजा झालेल्या थराचाही समावेश झाला. निरनिराळे थर व असमप्रमाणात होणारे शोषण यांची समीकरणे कागदावर सहसा सुटत नाहीत. तेथे संगणकाने अंकीय उत्तर काढावे लागते.

भाषाभ्यासकास ही अडचण अपरिचित नाही. निवेदकासमोर आपण वही उघडून बसलो की त्याचे बोलणे बदलते, आणि नोंदीतून ते बदल वजा करण्यास बोलीचे काही एक प्रतिमान आधी मनात असावे लागते.

रुग्णालयात लॅक्टेट व पायरुव्हेट यांच्या गुणोत्तरावर भर देतात, त्याचे कारणही येथेच आहे. दोन्ही रेणू आकाराने जवळजवळ सारखे असल्याने प्राप्तीतील दोष गुणोत्तरात बहुतांशी निघून जातो. डोपामिनसारख्या द्रव्यास असा जोडीदार नाही. त्याच्या आकड्यामागे कोणती गृहीतके आहेत हे नमूद केल्यावाचून तो आकडा वाचणे धोक्याचे होय.