दातांना तारा बसवायच्या आहेत? आधी दोन वर्षांचा हिशोब मांडा

आठवी-नववीच्या पोरापोरींच्या दातांवर तारा दिसणं आता तालुक्याच्या ठिकाणी नवं राहिलेलं नाही. कुणी याला क्लिप म्हणतं, कुणी ब्रेसेस. दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘किती लागतील?’ डॉक्टर एक आकडा सांगतात, घरी चर्चा होते, उसाचं बिल किंवा कांद्याचे पैसे आले की काम सुरू होतं. पण तो आकडा म्हणजे पूर्ण खर्च नसतो. हा उपचार साधारण दीड ते अडीच वर्षं चालतो. दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात जावं लागतं. मध्येच सुटला तर घातलेले पैसे जातात आणि दातांचंही नुकसान होतं. म्हणून सुरू करण्याआधी काय विचारावं, पैसे कसे द्यावेत आणि कमी खर्चात कुठं होतं, त्याची ही माहिती.

खरंच गरज आहे का?

वरचे दात बरेच पुढे आलेले असतील तर खेळताना, सायकलवरून पडल्यावर ते तुटण्याचा धोका जास्त असतो. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, सुळा हिरडीत अडकला असेल, दातावर दात चढल्यामुळे ब्रश पोहोचत नसेल किंवा चावताना खालचे दात टाळूला लागत असतील, तर उपचार घेतलेला बरा. एखादा दात किंचित वाकडा आहे, बाकी चावायला-बोलायला अडचण नाही, तर तारा लावल्याच पाहिजेत असं नाही. शाळेत चिडवतात म्हणून पोरगं तोंडावर हात ठेवून हसत असेल, तर तेही कारण लहान नाही. पण मग घाई नको, ऐपत बघून ठरवावं.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: अडचण फक्त दातांची आहे की जबड्याची? जबडा मागे किंवा पुढे असेल तर काही उपचार वाढीच्या वयातच होतात, आणि मुलींची वाढ मुलांपेक्षा लवकर होते. तिथं वर्ष वाया घालवू नये. नुसते दात सरळ करायचे असतील तर ते मोठेपणीही करता येतं. त्यासाठी यंदाच कर्ज काढायची गरज नाही.

कधी सुरू करावं?

दुधाचे दात पडून पक्के दात आले की, म्हणजे साधारण ११ ते १४ वर्षांच्या दरम्यान, बहुतेक मुलांच्या तारा बसवतात. गावाकडच्या घरांनी आणखी एक गोष्ट बघावी, ती म्हणजे शाळेची इयत्ता. सातवी-आठवीत सुरू केलं तर दहावीपर्यंत काम आटोपतं. दहावीत सुरू केलं आणि पोरगं अकरावीला लातूर किंवा पुण्याला गेलं, की उपचार लटकतो. अर्धवट काम हातात घ्यायला दुसरे डॉक्टर सहसा राजी नसतात. घेतलं तरी नव्याने पैसे सांगतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात पोरगं सोबत जाणार की गावी आजीजवळ राहणार, हे आधी ठरवावं. पाच-सहा महिने दवाखाना चुकला तर तारा बसवून उपयोग नाही. मुलीच्या बाबतीत बरेच जण लग्न जमायच्या वेळी जागे होतात आणि ‘सहा महिन्यांत करून द्या’ म्हणतात. दात हाडातून सरकतात. त्याला लागायचा तेवढा वेळ लागतोच.

डॉक्टर कोण?

दात वाकडे-सरळ करण्याचं शिक्षण वेगळं आहे. बी.डी.एस. झाल्यावर तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम असतो, त्यातल्या या विषयाचं नाव ऑर्थोडोन्टिक्स. पाटीवर किंवा कागदावर हे शब्द बघावेत. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही.

तालुक्याच्या बऱ्याच दवाखान्यांत हे तज्ज्ञ जिल्ह्याहून महिन्यातून एक-दोन वेळाच येतात. अशा ठिकाणी त्यांचं नाव काय, ते कोणत्या वारी येतात आणि त्यांनी येणं बंद केलं तर पुढचं काम कोण करणार, हे विचारून घ्यावं. बाजारात बसून तार बांधून देणारे आणि घरबसल्या साचा पाठवा म्हणणाऱ्या जाहिराती यांच्यापासून लांब राहावं. एक्स-रे न काढता दात ओढायला लागणारा कुणीही असो, त्याच्याकडे पोराला नेऊ नये.

खर्च कसा वाढतो?

साध्या धातूच्या तारांना खासगी दवाखान्यात साधारण २५ ते ५० हजार रुपये सांगतात. दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या तारांना त्याहून जास्त, आणि पारदर्शक साचे म्हणजे अलायनर घ्यायचे तर आकडा बहुतेकदा लाखाच्या आसपास किंवा पुढे जातो. किशोरवयीन मुलांसाठी धातूच्या तारा पुरेशा आणि टिकाऊ असतात. महाग प्रकारात दात जास्त सरळ होतात, असं नाही.

आता पूर्ण हिशोब. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, आपल्या दवाखान्याचे टाकून बघावेत.

– तारांचे सांगितलेले पैसे: ३५,०००
– एक्स-रे आणि दातांचे साचे: १,५००
– आधीची सफाई, किडलेले दात भरणं: २,०००
– जागा करण्यासाठी चार दात काढणं: २,८००
– तुटलेली ब्रॅकेट पुन्हा बसवणं, चार वेळा: १,२००
– शेवटी लागणारा रिटेनर: ४,०००
– २४ फेऱ्यांचं भाडं आणि चहा-नाश्ता, फेरीला ३००: ७,२००

बेरीज ५३,७०० रुपये. सोबत जाणाऱ्या माणसाचा रोज बुडतो, तो ४०० धरला तर २४ फेऱ्यांचे आणखी ९,६००. म्हणजे ३५ हजारांचं काम घराला ६३ हजारांच्या पुढे पडतं. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी पाच हजार कमी सांगितले म्हणून तिकडं धावण्यात फायदा नसतो. जाण्यायेण्यात ते पैसे परत जातात. एसटीत महिलांना निम्मं तिकीट असल्यामुळे मुलीसोबत आई गेली तर भाडं वाचतं.

पैसे कसे द्यावेत?

सगळे पैसे एकदम देऊ नयेत. तारा बसवताना काही रक्कम आणि उरलेली भेटीगणिक, असं बहुतेक डॉक्टर मान्य करतात. दरमहा देणं जमत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगावं. सोयाबीन-कापूस दिवाळीच्या आसपास घरात येतो, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा येतं. दुधाचा पगार असणाऱ्यांना दरमहा देणं सोपं जातं. पिकाप्रमाणे तीन-चार हप्ते पाडून ते कागदावर लिहून घ्यावेत.

फायनान्स कंपनीच्या हप्त्यांबाबत जपून राहावं. यात कंपनी डॉक्टरांना रक्कम आधीच देऊन टाकते आणि घरच्यांचा करार कंपनीशी होतो. उद्या उपचार बंद पडला, दवाखाना हलला, तरी हप्ता चालूच राहतो. चुकला तर दंड लागतो आणि सिबिल बिघडतं, मग पीककर्जाच्या वेळी बँकेत अडचण येते. ‘बिनव्याजी’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी किती, ते बघूनच सही करावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या भरवशावर राहू नये. साध्या आरोग्य विम्यातही तारांचे पैसे सहसा मिळत नाहीत. खिशातूनच जाणार असं धरून हिशोब करावा.

कमी खर्चात कुठं?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतील तर सफाई, दात भरणं, दात काढणं ही आधीची कामं तिथं करून घेता येतात. तारांचं काम मात्र तिथं सहसा होत नाही.

त्यासाठी दंत महाविद्यालयं आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालय आहे. लोणी, सावंगी, सांगली, कराड, लातूर, नाशिक, अमरावती इथं खासगी संस्थांची महाविद्यालयं आहेत. तिथं एम.डी.एस. करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्यामुळे खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. बदल्यात वेळ द्यावा लागतो. नंबर लागायला थांबावं लागतं आणि एका भेटीत अर्धा दिवस जातो. काम करणारा विद्यार्थी कोणत्या वर्षाला आहे, हे विचारावं. शेवटच्या वर्षाचा असेल तर मध्येच दुसऱ्याकडे काम जातं.

जन्मतः ओठ किंवा टाळू फाटलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतं. अशा मुलाची नोंद पथकाकडे करून घ्यावी.

घरी काय पाळायचं?

खेड्यात तारा तुटतात त्या ऊस सोलून खाण्यामुळे. भाजलेलं कणीस, फुटाणे, चिक्की, बोरं, कडक पेरू, हेही तसंच. उसाचा रस चालतो, पण लगेच चूळ भरावी. पेरू, काकडी बारीक चिरून खावी. कडक भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून घ्यावी. तारा आवळून आल्यावर दोन-तीन दिवस दात दुखतात, तेव्हा खिचडी, वरण-भात बरा.

प्रत्येक जेवणानंतर ब्रश हवाच. ब्रॅकेटच्या कडेला अन्न साचून राहिलं तर दातावर पांढरे डाग पडतात, पुढे कीड लागते. मग दात सरळ होतात पण किडके. मिश्री, गुटखा पूर्ण बंद. तार टोचली तर डॉक्टरांनी दिलेलं मेण लावावं. घरच्या पकडीने तार कापू नये, तुकडा घशात जाऊ शकतो. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत मुलांचे दात तपकिरी पडतात. अशा दातांवर ब्रॅकेट लवकर निघतात, म्हणून ते किती वेळा फुकट बसवून देणार हे आधीच ठरवून घ्यावं.

तारा काढल्या म्हणजे संपलं, असं नाही. दात जुन्या जागी परत जायला बघतात. डॉक्टर सांगतील तितके दिवस रिटेनर वापरावा लागतो. बरेच पैसे इथंच पाण्यात जातात, कारण रिटेनर डब्यात पडून राहतो आणि वर्षभरात दात पुन्हा वाकडे होतात.

वाद झाला तर

पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पावत्या, लिहून दिलेला खर्च, एक्स-रे आणि भेटींचं कार्ड जपून ठेवावं. आधी डॉक्टरांशी बोलावं. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

१. उपचार न केल्यास काय होईल? थांबलं तर चालेल का?
२. दात काढावे लागतील का? किती?
३. सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, दात काढणं, तुटलेली ब्रॅकेट आणि रिटेनर धरलं आहे का?
४. किती महिने लागतील? जास्त लागले तर जादा पैसे घेणार का?
५. दर भेटीला तेच डॉक्टर असतील का?
६. आम्हाला गाव सोडावं लागलं तर सगळी कागदपत्रं आणि उरलेल्या पैशांचा हिशोब मिळेल का?

या सहा प्रश्नांची उत्तरं दवाखान्याच्या कागदावर, सहीसकट घ्यावीत. लिहून द्यायला जो दवाखाना टाळाटाळ करतो, तिथं पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना एकदा दात दाखवावेत.