आचारी, आचार्य आणि अर्धा र

पैसे ‘आचाऱ्यांना’ द्यायचे की ‘आचार्यांना’, हे मराठीत रफार आहे की आडवा अर्धा र, यावर ठरते. हा अर्धा र संगणकात दोन वाटांनी आला. १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाला धरून युनिकोडने नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त ही जोडी मानली. स्वतःच्याच दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह ही रीतही ठेवली. पडद्यावर दोन्ही सारखीच! पण दोन यंत्रणांतल्या ग्राहकयाद्या एकत्र केल्या की एकच ‘कुऱ्हाडे’ दोन खातेदार होतात. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करीत नाही. आयातीआधी सगळे अर्धे र पहिल्या रीतीत आणलेले बरे. त्याऐवजी कुणी यादी ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हेच पुसली, तर आचाऱ्यांची देणी आचार्यांच्या नावे पडतात.