गुठळीचा प्रवास : विर्चो ते डी-डायमर

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात घरोघरी एक नवा शब्द पाठ झाला : डी-डायमर. ऑक्सिजन किती, सीटीचा स्कोअर किती आणि डी-डायमर किती, हे फोनवर विचारणाऱ्यांत डॉक्टर कमी आणि काका-मामाच जास्त होते. रक्ताची गुठळी विरघळू लागली की तिचा जो चुरा रक्तात उरतो, तो म्हणजे डी-डायमर. पण आजार फुप्फुसाचा असताना गुठळीचा माग कशासाठी काढायचा?

उत्तर शोधायला १८४०च्या दशकातल्या बर्लिनला जावं लागतं. शारिटे रुग्णालयात पंचविशीचा रुडॉल्फ विर्चो शवविच्छेदनं करत होता. शिरेला सूज येते आणि त्यातून बाकीचं सगळं घडतं, हा फ्रान्सच्या क्रुवेलिएचा सिद्धांत तेव्हा जोरात होता. विर्चोला फुप्फुसाच्या धमनीत गुठळ्या दिसल्या, आणि त्या तिथे जन्मल्या नसून पायाच्या शिरेतून सुटून, हृदयातून वाहत आल्या असाव्यात असा त्याचा तर्क होता. पडताळ्यासाठी त्याने कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे तुकडे सोडले. ते फुप्फुसात जाऊन अडकले. थ्रॉम्बोसिस आणि एम्बोलिझम हे शब्द त्याचेच.

गुठळी का होते, याची तीन कारणं आज प्रत्येक मेडिकलच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात : रक्त संथ होणं, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. याला 'विर्चोचं त्रिकूट' म्हणतात. गंमत म्हणजे त्याने स्वतः ही यादी अशी कधीच मांडली नव्हती. हे नाव विसाव्या शतकात चिकटलं.

पहिल्या कारणाचा पुरावा युद्धाने दिला. १९४०मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या काळात लंडनकर रात्र-रात्र निवाऱ्यांत बसून काढत. फुप्फुसातल्या गुठळीने होणारे अचानक मृत्यू वाढल्याचं कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या लक्षात आलं. संशय गेला कापडी आरामखुर्चीवर. तिची कडा मांडीमागे रुतायची आणि पायातलं रक्त तुंबायचं.

उपाय तोवर सापडलेला होता. १९१६मध्ये अमेरिकेत जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला जो पदार्थ गवसला, त्यातून पुढे हेपारिन आलं. पण ते खरंच जीव वाचवतं का, याची कसोटी लागायला १९६० उजाडलं. ब्रिस्टलमध्ये बॅरिट आणि जॉर्डन यांनी ३५ रुग्ण घेतले. औषध न मिळालेल्या १९ पैकी ५ जण गुठळीने गेले. औषध मिळालेल्या १६ पैकी एकही नाही.

मग कोविड आला आणि तिन्ही कारणं एकदम पेटली. रुग्ण दिवसचे दिवस पडून, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजलेलं, आणि दाहामुळे रक्त गोठायला आतुर. त्यात वय, लठ्ठपणा, कर्करोग किंवा आधी होऊन गेलेली गुठळी असेल तर जोखीम आणखी वर. एप्रिल २०२०मध्ये नेदरलँड्सच्या आयसीयूंमधल्या १८४ रुग्णांचा अभ्यास आला : जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत गुठळ्यांचा त्रास, त्यातही बहुतेक फुप्फुसात. त्याच वर्षी शवविच्छेदनात कोविडने गेलेल्या ७ जणांची फुप्फुसं फ्लूने गेलेल्या ७ जणांशी ताडून पाहिली. कोविडच्या फुप्फुसांत केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या नऊपट होत्या. म्हणजे विर्चोची प्रवासी गुठळी इथे पुरी पडत नव्हती. या गुठळ्या जागच्या जागी तयार होत होत्या.

मग सगळ्यांनाच हेपारिनचा मोठा डोस द्यावा का? २०२१मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल लागले. वॉर्डातल्या, अजून अत्यवस्थ न झालेल्या रुग्णांना त्याचा फायदा झाला. आयसीयूत पोहोचलेल्यांना नाही. तेच औषध, तोच आजार, पण वेळ चुकली की उपयोग संपला.

विर्चोने १८४८मध्ये आणखी एक काम केलं होतं. अप्पर सायलेशियातल्या टायफसच्या साथीची पाहणी करायला सरकारने त्याला पाठवलं. परत येऊन त्याने औषधांची यादी दिली नाही. शिक्षण, लोकशाही आणि गरिबी हटवणं हे उपाय सुचवले. सरकारला ते रुचलं नाही. पण लंडनच्या निवाऱ्यांकडे त्याच्या नजरेने पाहा. तिथल्या लोकांचा 'रिस्क फॅक्टर' त्यांच्या रक्तात नव्हता, आडवं व्हायला जागा नव्हती यात होता. पुढे निवाऱ्यांत बंक आले. २०२१मध्ये आपण डी-डायमरचा आकडा विचारत होतो, पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारत होतो : बेड मिळाला का?