गावात लोहार एकच

आमच्या क्लायंटच्या टीममध्ये तीन स्मिथ आहेत. मेल पाठवताना दर वेळी धाकधूक! शेवटी वैतागून वाटलं, इंग्लंडात एवढे लोहार होते तरी कुठे?

स्मिथ म्हणजे धातुकाम करणारा, मुख्यतः लोहार. पण गंमत उलटीच आहे. गावात लोहार सहसा एखादाच असायचा, म्हणून तर 'जॉन लोहार' म्हटलं की माणूस नेमका कळायचा. गावभर शेतकरी असताना 'जॉन शेतकरी' म्हणून काय कप्पाळ कळणार? १३७७ ते १३८१ या काळात तिथे तीनदा डोईपट्टी बसली. यादी करणाऱ्यालाही चार जॉन वेगळे ओळखायचे होतेच की. त्याच सुमारास अशी नावं बापाकडून मुलाकडे जायला लागली. पोराने भाता सोडला तरी स्मिथ काही सुटला नाही. गावागणिक एक स्मिथ धरा आणि करा बेरीज.

(इटलीतलं फेरारीही लोहारच बरं का!)

अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत २४ लाखांवर स्मिथ निघाले, पहिला नंबर. पण हे सगळे काही इंग्रज लोहारांचे वंशज नव्हेत. तिथे गेलेल्या जर्मन श्मिटांपैकी कित्येक स्मिथ झाले. आणि गुलामगिरीतून सुटलेल्या अनेक कृष्णवर्णीयांचंही आडनाव स्मिथच. काहींना ते मालकाकडून चिकटलेलं, काहींनी मोकळं झाल्यावर स्वतः निवडलेलं.